क्लाइंबिंग जिममधला पहिला दिवस: आधी उतरायला शिका

क्लाइंबिंग जिममध्ये पहिल्यांदा आलेला माणूस लांबूनही ओळखू येतो. आत शिरतो, मान वर करून भिंत बघतो, बूट चढवतो आणि थेट सगळ्यात उंच भागाकडे निघतो. वीस मिनिटांनी तोच माणूस गादीवर बसून हात चोळत असतो. मूठ वळत नाही, पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत नाही. मग तो स्वतःला सांगतो, ‘आपल्या हातात ताकदच नाही.’ ताकदीचा इथे फारसा संबंध नसतो. त्याचा क्रम चुकलेला असतो.

मी अनेकदा नव्या मंडळींना सोबत घेऊन जातो. चुका त्याच त्या असतात आणि त्यातल्या निम्म्या भिंतीला हात लागायच्या आधीच होऊन गेलेल्या असतात. त्यामुळे सुरुवात घरापासूनच करू.

दोन शब्द आधी समजून घ्या. बोल्डरिंग म्हणजे कमी उंचीची भिंत, साधारण चार-साडेचार मीटरपर्यंतची. तिथे दोर नसतो, खाली जाड गादी असते. दोरावरचं क्लाइंबिंग म्हणजे उंच भिंत, हार्नेस (कमरेला आणि मांड्यांना बांधायचे पट्टे), आणि खाली दोर सांभाळणारा बिलेअर किंवा ते काम करणारं ऑटोबिले यंत्र. लीड क्लाइंबिंग, म्हणजे चढता चढता दोर स्वतः अडकवत जाणं, या लेखात नाही. पहिल्या महिन्यात त्याच्या वाटेला जाऊच नका.

## १. घरून निघण्याआधी

नखं कापा. हाताची आणि पायाचीही. लांब नख होल्डच्या, म्हणजे भिंतीवर हात-पाय ठेवायच्या तुकड्याच्या, कडेवर उलटं दुमडतं, आणि पायाचं नख घट्ट बुटात शेजारच्या बोटात रुततं.

अंगठी, कडं, घड्याळ, गळ्यातली साखळी घरीच ठेवा. अंगठीचा मुद्दा गंभीर आहे. ती होल्डमध्ये अडकली आणि त्याच क्षणी पाय सुटला, तर अख्ख्या शरीराचं वजन त्या बोटावर येतं. कातडी अंगठीसकट सोलून निघू शकते. ‘घट्ट बसली आहे, निघत नाही’ असं असेल तर साबणाचं पाणी लावून आदल्या रात्री काढा.

कपड्यांचं सोपं आहे: गुडघा छातीपर्यंत आणता आला पाहिजे. जेवण दोन तास आधी. शक्य असेल तर कामाच्या दिवशी, गर्दी नसताना जा. गर्दीत नवखा माणूस लाजेपोटी घाई करतो.

## २. काउंटरवर

जोखीम मान्य असल्याचा फॉर्म सगळे न वाचता सही करतात. किमान दोन गोष्टी वाचा: कोणत्या भागात परीक्षा दिल्याशिवाय जाता येत नाही, आणि लहान मुलांवर लक्ष ठेवण्याची जबाबदारी कोणाची. जुना निखळलेला खांदा, मुरगळलेला घोटा, पाठीचं दुखणं असेल तर प्रशिक्षकाला सांगा.

मग हे तीन प्रश्न विचारा:

- सगळ्यात सोप्या रूटचा (चढायच्या वाटेचा) रंग कोणता?
- मला आज कुठे कुठे चढता येईल?
- बोल्डरच्या माथ्यावरून पलीकडे उतरायला जिना आहे, की चढलो तिथूनच खाली यायचं?

तिसरा प्रश्न फार कमी जण विचारतात. मग वर पोचल्यावर तो प्रश्न पडतो आणि तेव्हा हात थरथरत असतात.

## ३. बूट: इथे वेळ घालवा

पहिल्या दिवशी बूट भाड्यानेच घ्या. भाड्याच्या बुटांना नाकं मुरडणाऱ्यांनी मोजे घालावेत, पण पहिल्याच भेटीत टोक खाली वाकलेले महागडे बूट विकत घेऊ नयेत. ते बूट बाहेर झुकलेल्या भिंतीवरच्या बारीक पायऱ्यांसाठी असतात. नवख्याला त्यातून पाय दुखण्यापलीकडे काही मिळत नाही.

नेहमीच्या चपलेचा नंबर इथे फक्त सुरुवातीला उपयोगी पडतो. बूट घालून उभे राहा आणि तपासा: बोटं बुटाच्या टोकाला टेकलेली असावीत, किंचित वाकलेली चालतील, पण एकावर एक चढलेली नकोत. टाच हाताने ओढून बघा, आत हवा राहिल्यासारखा ‘फुस्स’ आवाज आला तर टाचेत जागा उरली आहे. मग अंगठ्याच्या टोकावर सगळं वजन देऊन अर्धा मिनिट उभे राहा. दाब जाणवला पाहिजे, पण तोंड वाकडं होईल इतकी कळ येता कामा नये.

‘बूट जितका घट्ट तितका चांगला’ हा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. तो देणारा माणूस दहा वर्षं चढतोय आणि एका रूटसाठी दोन मिनिटं बूट घालतो. तुम्ही तासभर घालणार आहात. पाय दुखायला लागला की माणूस नकळत पायावर भार द्यायचं टाळतो आणि सगळं ओझं हातांवर टाकतो. त्या दिवसाचा निकाल तिथेच लागतो.

सावधान: क्लाइंबिंगचे बूट घालून स्वच्छतागृहात जाऊ नका, बाहेर फिरू नका. तळव्याला लागलेली धूळ आणि ओल रबराची पकड घालवते, आणि तोच तळवा पुढे तुम्ही अशा होल्डवर ठेवता जिथे दुसरा कोणीतरी हात घालणार असतो.

## ४. अंग गरम करणं

दहा मिनिटं पुरतात. दम किंचित लागेल इतकी हालचाल, मग खांदे, मनगटं, कंबर फिरवणं, मग बोटांची उघडझाप. त्यानंतर जमिनीपासून हातभर उंचीवर, मोठ्या होल्डवरून आडवं चालत दोन फेऱ्या. एका जागी बसून बोटं मागे खेचत ताणत राहण्याने बोटं गरम होत नाहीत.

## ५. पडायचा सराव

माझ्या मते पहिल्या दिवसाचा हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे, आणि सगळ्यात जास्त वेळा तोच गाळला जातो. कारण उघड आहे: गादीवर मुद्दाम पडताना माणसाला वेड्यासारखं वाटतं. पण बोल्डरिंगमध्ये तुम्ही पडणार आहातच. जाड गादी आहे म्हणून काही होणार नाही, हा गैरसमज. घोटे मुरगळतात, गुडघे दुखावतात, कोपरं निखळतात ती याच गादीवर.

कोपर का निखळतं ते बघा. पडताना हात आपोआप मागे जातो, तळवा गादीवर टेकतो, कोपर ताठ होतं आणि सगळं वजन त्या सरळ हाडातून वर जातं. ही प्रतिक्रिया उपजत आहे. वाचून ती जात नाही, सरावाने जाते.

असं करा:

१. जमिनीवर उभे राहा. पाय खांद्यांइतके लांब, गुडघे सैल.
२. हात छातीवर घ्या, हनुवटी छातीकडे.
३. उकिडवं बसल्यासारखं खाली जा, मग बूड, मग पाठ असं मागे लोळा. डोकं आपटता कामा नये.
४. हे पाच वेळा झाल्यावर भिंतीवर गुडघाभर उंचीला जा आणि तिथून सोडा. मग कमरेच्या उंचीवरून.

प्रत्येक वेळी दोन्ही पाय एकदम टेकले का, हे बघा. एका पायावर उतरणं आणि दोन गाद्यांच्या फटीवर उतरणं, या दोन्हींत घोटा जातो. सोबतच्याला नुसतं हातांकडे लक्ष ठेवायला सांगा; तळवा मागे गेला की त्याने ओरडायचं.

यानंतर एक सवय लावून घ्या: वर पोचलात की उडी मारायची नाही. मोठ्या होल्डवरून जमेल तितकं उतरत यायचं, आणि शेवटचं मीटरभर खाली बघून, सांगून सोडायचं. उतरताना पाय शोधावे लागतात, त्यामुळे पायांची शिकवणी फुकटात होते.

तपासणी: चढण्याआधी मागे वळून बघा. तुमच्या पडण्याच्या टप्प्यात कोणी बसलंय का? बाटली, ब्रश, फोन पडलाय का? हाच नियम उलटाही लागू होतो: दुसरा चढत असताना त्याच्याखालून जायचं नाही, मुलांना गादीवर पळू द्यायचं नाही.

## ६. पहिले पाच रूट

एका रंगाचे होल्ड म्हणजे एक रूट. कुठे हात ठेवून सुरू करायचं ते चिठ्ठीने किंवा टेपने दाखवलेलं असतं. शेवटच्या होल्डवर दोन्ही हात स्थिर ठेवले की रूट पूर्ण.

काठिण्य मोजायच्या पद्धती अनेक आहेत. बोल्डरिंगमध्ये व्ही-स्केल (व्ही० पासून व्ही१७ पर्यंत) आणि फॉन्टेनब्लो या दोन जास्त दिसतात. अनेक जिम फक्त रंगांवर भागवतात. एका जिममधला व्ही२ दुसरीकडे व्ही१ असू शकतो. आकड्यावरून स्वतःला जोखायचं असेल तर निदान एकाच भिंतीवर जोखा.

पहिले पाच रूट तुम्हाला ‘हे फारच सोपं आहे’ वाटतील असेच घ्या. त्यात या तीन गोष्टी करा:

खालून वाचा. कोणता हात कुठे, कोणता पाय कुठे, हे जमिनीवरून बोट दाखवत ठरवा. ठरवलेलं निम्मं चुकतं, तरी वर लटकून विचार करण्यापेक्षा स्वस्त पडतं.

पायाचा पुढचा भाग वापरा. नवखे तळव्याचा मधला भाग होल्डवर ठेवतात, जिन्यावर ठेवावा तसा. मग पाय वळत नाही आणि कंबर भिंतीपासून लांब राहते. अंगठ्याची आतली कड होल्डवर टेकवा. पाय त्यावर फिरतो, कंबर भिंतीला लागते, हाताचा भार उतरतो. पाय होल्डला टेकेपर्यंत नजर पायावरच ठेवा. भिंतीवर बूट आपटल्याचा आवाज येत असेल तर नजर लवकर सुटते आहे.

हात सरळ ठेवा. वाकवलेल्या हाताने लटकलं की स्नायू सतत आवळलेले राहतात. हाताच्या पुढच्या भागात तसे आवळलेले स्नायू रक्तवाहिन्या दाबतात, रक्त कमी पोचतं आणि हात लाकडासारखा होतो. याला आम्ही ‘हात भरणे’ म्हणतो. सरळ हाताने लटका, गुडघे वाकवा आणि वर जायचं काम पायांना द्या.

चॉकबद्दल थोडक्यात: ही मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड फक्त घाम शोषते. हातावर पातळ थर पुरतो; लाडू वळल्यासारखी चोळू नका. जास्त झाली की उलट होल्ड बुळबुळीत होतात.

सावधान: भिंतीत बोल्टसाठी जी गोल छिद्रं असतात त्यात बोट घालू नका. आणि होल्ड हातात फिरला तर चढणं थांबवून कर्मचाऱ्याला सांगा. ‘थोडाच हलतोय’ म्हणून पुढच्याच्या नशिबावर सोडू नका.

## ७. हार्नेस आणि ऑटोबिले

हार्नेसचा पट्टा कमरेच्या हाडांच्या वर बसला पाहिजे, पँटच्या पट्ट्याच्या जागी नाही. आवळल्यावर आडवा तळवा जेमतेम आत जावा, आणि दोन्ही हातांनी जोरात खाली ओढलं तरी पट्टा हाडांवरून उतरू नये. मांड्यांचे पट्टे पिळलेले नाहीत ना, बघा.

हार्नेसच्या बाजूंना जी छोटी कडी असतात ती सामान लटकवायची. माणसाचं वजन पेलण्यासाठी ती बनवलेलीच नसतात. पुढच्या मधल्या मजबूत कड्यात, म्हणजे बिले लूपमध्येच, ऑटोबिलेचा कॅराबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी) लावायचा.

ऑटोबिले हे एकट्याने आलेल्यांचं आवडतं यंत्र. सोडलं की ते पट्ट्याने हळूहळू खाली आणतं. त्याचा सगळ्यात मोठा धोका यंत्रात नसून आपल्या डोक्यात आहे: माणसं कॅराबिनर लावायलाच विसरतात. हे नवख्यांपेक्षा सरावलेल्यांच्या बाबतीत जास्त संभवतं. दहाव्या फेरीला मन दुसरीकडे असतं, हात थेट होल्डवर जातात. म्हणूनच बऱ्याच जिममध्ये रूटच्या पायथ्याशी मोठं त्रिकोणी कापड ताणलेलं असतं, ते हटवल्याशिवाय सुरुवातच करता येऊ नये म्हणून. ते ओलांडून जाऊ नका.

क्रम असा: कॅराबिनर बिले लूपमध्ये लावा, कुलूप बंद झालं का बघा, पट्टा खाली ओढून यंत्र तो परत वर खेचतं का बघा, मग भिंतीला हात लावा. दोन मीटरवर गेल्यावर मुद्दाम सोडून द्या. यंत्राने धरलं की भीती तिथेच निम्मी होते. हा सराव न करता जे माथ्यापर्यंत जातात ते वर होल्डला चिकटून बसतात, आणि खाली उभा असलेला कर्मचारी त्यांना पाच मिनिटं समजावत असतो.

चढताना पट्टा सैल पडलेला दिसला तर थांबा, उतरा, सांगा. आणि लहान मुलांचं वजन यंत्राच्या किमान मर्यादेपेक्षा जास्त आहे ना, हे विचारून घ्या. फार हलक्या मुलाला यंत्र खाली आणतच नाही.

## ८. गाठ आणि एकमेकांची तपासणी

टॉप रोपवर, म्हणजे दोर आधीच माथ्यावरून ओवलेला असतो तिथे, जोडीदारासोबत चढताना दोर आठच्या आकड्याच्या गाठीने बांधतात. दोराच्या टोकापासून हातभर अंतरावर आठचा आकडा घाला. टोक हार्नेसच्या खालच्या आणि वरच्या, दोन्ही बांधायच्या जागांमधून ओवा. मग पहिल्या आकड्याच्या वाटेनेच टोक उलटं फिरवून आणा. गाठ आवळल्यावर शेजारी-शेजारी धावणाऱ्या दोरांच्या पाच जोड्या मोजता आल्या पाहिजेत, आणि शेपूट निदान वीतभर उरलं पाहिजे.

गाठ बांधताना बोलायचं नाही. कोणी हाक मारली तरी नाही. १९८९ मध्ये फ्रान्समधल्या ब्यूक्स इथे लिन हिल, तेव्हाच्या जगातल्या सर्वोत्तम क्लाइंबर्सपैकी एक, गाठ अर्धवट सोडून चढल्या आणि वर पोचून दोरावर भार देताच २० मीटरहून जास्त उंचीवरून खाली आल्या. झाडामुळे वाचल्या.

माझं प्रकरण तितकं उंचावर गेलं नाही, एवढंच. आकडा घातला, टोक हार्नेसमधून ओवलं, आणि तेवढ्यात शेजारच्या रूटवरच्या ओळखीच्याने काहीतरी विचारलं. उत्तर दिलं, चॉक लावलं, भिंतीकडे वळलो. वरून टी-शर्ट आल्यामुळे सगळं बांधल्यासारखंच दिसत होतं. माझ्या जोडीदाराने सवयीने टी-शर्ट वर केला, दोराचं लोंबतं टोक बोटात धरलं आणि फक्त विचारलं, “हे काय?” त्या दिवशी मी पुढे चढलो नाही.

म्हणून तपासणी नजरेने करायची नाही, हाताने करायची, आणि दोघांनी एकमेकांची:

- दोघांच्या हार्नेसचे बक्कल: ओढून.
- चढणाऱ्याची गाठ: दोन्ही जागांतून गेली आहे का, पाच जोड्या, शेपूट.
- बिलेअरचं उपकरण: दोर योग्य दिशेने ओवला आहे का. धक्का देऊन बघा, अडतो का.
- कॅराबिनर: दाबून बघा, उघडत असेल तर कुलूप लागलेलं नाही.

शंभराव्या वेळीही हेच. ‘आपण एकमेकांना ओळखतो’ हे कारण इथे चालत नाही.

## ९. बिले करताना

बिले जिममधल्या प्रशिक्षकाकडूनच शिका. वाचून दोर हातात घेऊ नका. शिकवलेलं पक्कं होण्यासाठी इतकंच: ब्रेकचा हात, म्हणजे उपकरणातून बाहेर आलेला दोर धरणारा हात, दोरावरून कधीही सुटायचा नाही. दोर ओढा, खाली ब्रेकच्या दिशेने घ्या, दुसऱ्या हाताने खालून धरा, मग ब्रेकचा हात दोरावर सरकवत वर आणा. उपकरण आपोआप अडणारं असलं तरी हाच नियम.

भिंतीपासून लांब, आरामात उभं राहून बिले करणारे बरेच दिसतात. पडणारा जोडीदार त्यांना भिंतीकडे फरपटत नेतो. भिंतीजवळ, जरा बाजूला उभे राहा.

पहिले दोन-तीन मीटर दोर ताठ ठेवा. याचं गणित सोपं आहे. भिंत १२ मीटरची असेल आणि चढणारा २ मीटरवर असेल, तर बिलेअरपासून वर जाऊन परत खाली आलेला दोर जवळपास २० मीटर होतो. दोर ५ टक्के ताणला तरी १ मीटर खाली आलात. ईएन ८९२ हे दोरांचं युरोपीय मानक ८० किलो वजनावर एकेरी दोराला १० टक्क्यांपर्यंत ताण चालवून घेतं. म्हणजे सुरुवातीलाच दोर ढिला असेल तर बिलेअरने अचूक धरूनही पाय जमिनीला लागतील.

बिलेअर बराच हलका असेल तर जमिनीतला अँकर किंवा वाळूची पिशवी मागून घ्या. यात कमीपणा नाही.

हाका आधी ठरवा. वर पोचल्यावर “टाइट!” म्हणा, दोराने आपल्याला धरल्याचं अंगाला जाणवू द्या, “धरलंय” असं उत्तर ऐका, आणि मगच “उतरव” म्हणून हात सोडा. हात आधी सोडून नंतर ओरडणारे कमी नाहीत.

आणि बिलेच्या परीक्षेत नापास केलं म्हणून कर्मचाऱ्यावर चिडू नका. जिथे परीक्षा न घेताच दोर हातात देतात, त्या जिमबद्दल मला जास्त शंका येते.

## १०. कधी थांबायचं

पहिल्या दिवशी दीड तास, विश्रांतीसकट. दोन सोप्या रूटच्या मधे दोन-तीन मिनिटं बसा, अवघड प्रयत्नानंतर पाच, आणि दर वेळी बूट काढा.

‘शेवटचा एक’ हा धोकादायक रूट. थकलेल्या बोटांनी माणूस बारीक कडेला बोटं पूर्ण दुमडून, अंगठा वरून दाबून लटकतो. त्या स्थितीत बोटातल्या कंडरेला (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीला) हाडाशी धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांवर सगळ्यात जास्त ताण येतो. स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, या पट्ट्यांना त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. बोटात ‘टक्’ आवाज आला किंवा बोटाच्या मुळाशी कळ आली, तर त्या दिवशीचं चढणं तिथेच संपलं. सूज आली तर डॉक्टरांना दाखवा. फिंगरबोर्ड आणि कॅम्पस बोर्ड, म्हणजे बोटांवर लटकून ताकद वाढवायच्या फळ्या, पहिल्या वर्षात नकोतच. वाढत्या वयातल्या मुलांच्या बोटांच्या हाडांची वाढीची टोकं नाजूक असतात, त्यामुळे त्यांना तर या बोर्डांपासून लांबच ठेवा.

घरी आल्यावर हात धुऊन चॉक काढा, मग साधं क्रीम लावा. फोड फुटून कातडीचा तुकडा लोंबत असेल तर तो ओढू नका, स्वच्छ कात्रीने कापा. दोन दिवस विश्रांती, मग दुसरी भेट.

महिन्याचं किंवा वर्षाचं सदस्यत्व तिसऱ्या-चौथ्या भेटीनंतर घ्या, तेही तुम्ही नेहमी ज्या वेळेला जाऊ शकाल त्या वेळेची गर्दी एकदा बघून. दोराच्या रांगेत अर्धा तास उभं राहावं लागत असेल, तर पैसे देण्याआधी कळलेलं बरं.